सातव्या खांबाचा पाया

जळोची, बारामती
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणी गेलं की काय. कुणी गेलेलं नाही. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा गुडघा दुखतो, तरी सकाळचं चालणं सोडत नाहीत. माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, म्हणून तर लिहायला बसले. परसातला शेवगा यंदा इतका लागलाय की शेजारीपाजारी आता मला बघून दार लावून घेतात.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि दाजी शेजारी बसलेले असतात. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचं होतं. शिवाय आज रविवार. पुण्याला बोर्डिंगात असताना रविवारी प्रार्थना झाली की सिस्टर कागद वाटायच्या. घरी पत्र लिहून झाल्याशिवाय ताट मिळायचं नाही. मी लिहायची आबांच्या नावानं, पण आबांना अक्षर लागत नव्हतं. आई गेल्यावर घरात वाचता येणारी तूच. म्हणजे ती सगळी पत्रं खरं तर तुलाच लिहिलेली होती.

परवाच्या पेपरात आपल्या पुलाचा फोटो आलाय. त्याखाली दाजींचा, फेटा बांधलेला. लिहिलंय की भीमेवरच्या जुन्या रेल्वे पुलाची डागडुजी पूर्ण झाली आहे, जड वाहनं अडवणारी लोखंडी कमान काढून टाकली आहे आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या पुलावरून जातील. पलीकडच्या गावांचा मोठा वळसा वाचेल. काम दाजींनीच घेतलेलं. कारखान्याच्या निवडणुकीला ते संचालक म्हणून उभे आहेत, हेही त्याच बातमीत आहे.

फोटो बराच वेळ बघत बसले. काळ्या दगडाच्या कमानी तशाच आहेत. आबा पुलाच्या गँगचे मुकादम होते तेव्हा वरून गाड्या धावायच्या. आपण दोघी त्यांची भाकरी घेऊन जायचो. पुलाच्या कठड्याला मधेमधे माणूस उभं राहील एवढी खोपी केलेली होती. गाडी आली की गँगची माणसं त्यात शिरायची. एकदा आपण दोघी मध्यावर असताना मेल आली. तू मला ओढून खोपीत घेतलंस आणि माझं तोंड तुझ्या पोटाशी दाबून धरलंस. गाडी गेली तरी सोडलं नाहीस. तुझ्या परकराला भाकरीच्या पिठाचा वास येत होता. मी आठ वर्षांची असेन, तू तेरा-चौदाची.

मग धरण झालं. उजनीचं पाणी वर सरकायला लागलं तशी रेल्वेनं नवी लाइन टाकली, उंच नवा पूल बांधला. जुन्या पुलावरचे रूळ आबांच्याच गँगनं उखडले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, "पूल मोकळा झाला, मला कसं बोडकं वाटतंय."

त्यांनी आपल्याला सांगितलेलं तुला आठवतं का, हा पूल विहिरींवर उभा आहे ते? इंग्रजांनी नदीच्या वाळूवर दगडी विहिरी बांधल्या. मग आत माणसं उतरून वाळू काढत राहिली. विहीर स्वतःच्या वजनानं खाली खाली बसत गेली, थेट मुरमापर्यंत. मग ती चुन्यानं आणि दगडानं भरली आणि तिच्यावर खांब चढवला. बाहेरून भोवती मोठाले दगड रचले, पुरानं पायथ्याची वाळू नेऊ नये म्हणून. आबा म्हणायचे, "कमान काय, एकमेकीला टेकून ऱ्हाती. पण एक खांब बसला का शेजारच्या दोन्ही कमानी त्याच्यासंगं जाणार."

अक्का, डागडुजी वरची झाली की खालची? पेपरात रंग, कठडे आणि डांबर एवढंच आहे. पायाबद्दल एक ओळ नाही. दाजींना विचार, सातव्या खांबाचा पाया कुणी तपासला का. पाणी येतं त्या अंगाचा. मी सातव्याच खांबाचं का विचारते, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहीत नाही.

तुझ्या रेश्माला सातवा महिना लागला असेल. तिला सांग, मावशीनं आठवण काढली.

तुझी धाकटी,
करुणा


जळोची, बारामती
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

पत्राचं उत्तर पत्रानं येईल असं वाटलं होतं. तू स्वतःच आलीस, दिवाळीचा फराळ घेऊन, अकरा वर्षांनी. तुला दारात बघून मला आधी आनंद झाला, हे लिहून ठेवते. पुढचं लिहिताना ते विसरायला होईल.

स्वयंपाकघरात बसून तू बोललीस ते सगळं माझ्या कानात आहे.

"रेश्माचं पैलं बाळंतपण. माहेरीच व्हाया पायजे. पूल चालू झाला का ती पलीकडनं पंधरा मिंटात घरी. न्हायतर त्या पोटुशीनं आख्खा वळसा घालून यायचं? आन तुज्या दाजींचं विलेक्शन डोक्यावर. पायाचं काय काढतीस आता?"

मी म्हटलं, "तपासू दे ना. चांगला असेल तर चांगलाच निघेल."

तू पटकन म्हणालीस, "आन वाईट निगाला मंजी?"

मी चहा गाळत होते. चहा कपाबाहेर गेला तो तू पाहिलास.

मग रागावलीस. "तू विंग्रजी शिकलीस, आमी भाकऱ्या थापल्या. म्हनून तर तुला आसली पत्रं सुचत्यात." खरं आहे ते. तू सातवीत शाळा सोडलीस, म्हणून मी कॉन्व्हेंटला गेले. माझा गणवेश तू निळीत घालून, कोळशाच्या इस्त्रीनं कडक करून पाठवायचीस. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझी आई किती टापटीप आहे गं. मी कधी सांगितलं नाही की ती आई नाही, बहीण आहे. मला तसंच आवडायचं. तुझं ते ऋण मी आयुष्यभर सांभाळलं. म्हणूनच मी इतकी वर्षं तुझ्या दारात येऊन ओरडले नाही.

पण जाताना तू म्हणालीस, "त्या येळचं त्या येळी ग्येलं. पोरगं तुजं हुतं तसं माजं बी हुतं." ते बोलायला नको होतं.

आता मी लिहिते. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण एकदा कागदावर असू दे.

सुमेध एकोणीस वर्षांचा होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन तुझ्याकडे आला होता, मे महिन्यात. आबांच्या गोष्टी ऐकून त्याला त्या पुलाचं वेड लागलं होतं. पाणी ओसरलेलं होतं. तो टेप घेऊन नदीत उतरला, काठापासून सातव्या खांबापर्यंतचं अंतर मोजायला. पाणी गुडघ्याएवढं. खांबापासून दोन पावलांवर तो खाली गेला, तो वर आलाच नाही. झुंबर भोई होडी घेऊन आला. त्यानं बांबू घातला तर बांबूला तळ लागेना. तिथं वाळू नव्हतीच. महिनाभर दाजींच्या होड्या त्या खांबाला दोर बांधून वाळू उपसत होत्या, कारण खांबाला अडून वाळू जाड आणि स्वच्छ बसते. इंग्रजांनी पायाभोवती रचलेले दगडसुद्धा काढून नेले. तुमच्या मळ्याच्या बांधाला ते दिसतात, टाकीचे घाव असलेले. उपशातला मऊ गाळ त्याच खड्ड्यात परत येऊन बसलेला होता. त्यामुळे तळ सपाट दिसायचा.

पंचनाम्यात आलं की पोहायला गेला आणि पाय घसरला. तो जबाब दाजींचा. खाली तुझी सही. आम्ही दोघं दारोदार फिरलो. होड्या कुणीच पाहिल्या नव्हत्या. सगळ्या गावात एकट्या झुंबरनं पाहिल्या, आणि त्याचं कुणी लिहून घेतलं नाही.

या उन्हाळ्यात म्हणे सरकारी माणसं पाया बघून गेली. नदीत थोडी चालत गेली, लांबूनच तळ सपाट दिसला, वर आली. त्यांचा दोष नाही. सुमेधलाही तळ सपाटच दिसला होता.

तू गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी इंदापूरला गेले. पुलाचं काम बघणाऱ्या अभियंता बाई तरुण आहेत, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खड्डा पाण्याखाली कुठं आहे, ते मी पायानं दाखवू शकते म्हणाले. त्या म्हणाल्या, "पायानं नको, मॅडम. बांबूनं दाखवा." सहा नोव्हेंबरला सकाळी पाहणी आहे. तू येशीलच, दाजी येणारच आहेत.

तुला वाटेल, करुणा लोकांचा जीव वाचवायला निघाली. तसं समजू नकोस. तो खांब खचला तर माणसं मरतील हे मला दिसतं, आणि ते टळलं तर चांगलंच आहे. पण मी त्यासाठी उठलेली नाही. ज्या खड्ड्यानं माझा मुलगा घेतला त्याच खड्ड्याच्या काठावर, गावादेखत, मला दाजींना उभं करायचं आहे. ह्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पत्र पेटीत मी टाकून येतो. पण मला वाचायला देऊ नकोस."

करुणा


जळोची, बारामती
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अक्का,

पाहणीच्या दिवशी तू काठावर बाभळीखाली उभी होतीस, डोक्यावरून पदर ओढून. मी होडीत होते. आपली नजरानजर एकदाच झाली. तेव्हा होडीत काय चाललं होतं ते तुला लांबून ऐकू आलं नसेल.

आधी दाजी ऐकू आले, ते तर तुलाही आले असतील. पुलावरून वाकून, माणसं भोवती घेऊन ते म्हणाले, "मेव्हणीबाई, तुमची शाळा सुटली न्हवं? आता पुलाची परीक्षा घेताय व्हय?" वरची सगळी हसली. झुंबर आता सत्तरीचा आहे, हात थरथरतात, पण वल्हं धरलं की थरथर थांबते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हसू द्या. बांबू माज्या हातात हाय."

सातव्या खांबाला होडी लावली. अभियंता बाई शेजारी बसल्या होत्या. झुंबरनं आधी खांबाच्या, पाणी जातं त्या अंगाला बांबू घातला. तो टणक लागला, टक्क आवाज आला. वरून दाजी म्हणाले, "झालं समाधान?" मग होडी वळवून पाणी येतं त्या अंगाला घेतली. बांबू गाळाला लागला. झुंबरनं भार दिला, तसा तो गाळातून आरपार खाली निघाला, हातातून सरकत सरकत, शेवटचं पेर येईपर्यंत.

"बाई, बांबू संपला, तळ संपंना."

त्याला दुसरा बांबू जोडला. वरचं हसणं थांबलं होतं. अभियंता बाईंनी स्वतः तो बांबू हातात घेऊन खांबाकडे तिरका केला. तो दगडी विहिरीच्या कडेला घासत खाली गेला. जी कड कायम जमिनीत गाडलेली असायला हवी, ती पाण्यात उघडी होती. दुसऱ्या दिवशी पाणबुडे कॅमेरा घेऊन उतरले. पायाची ती बाजू अधांतरी आहे आणि खांब त्या अंगाला कलायला लागलाय, असं त्यात स्पष्ट दिसलं. उसाची भरलेली एक ट्रॉलीसुद्धा त्यावरून जाऊ देणार नाही, असं बाई म्हणाल्या. आता पुलाच्या दोन्ही तोंडांना भिंत घातलीय. पायी माणसालाही बंदी.

होडी काठाला आली तेव्हा दाजी खाली आले होते. म्हणाले, "मॅडम, पुराचं पानी हाय, नदीनंच खनलं आसंल." बाईंनी जमलेल्यांना विचारलं, "इथं वाळूच्या होड्या चालताना कुणी पाहिल्यात?" माणसं दाजींकडे बघायला लागली. मी तुझ्याकडे बोट केलं. म्हटलं, "ह्या रोज होडीवरच्या माणसांची भाकरी घेऊन यायच्या. ह्यांना विचारा."

तू म्हणालीस, "मला काय ठावं? मी बाईमानूस."

पण तुझ्यामागून कोणीतरी म्हातारं बोललं, "मी पाह्यल्यात." मग आणखी एक. मग चार. अकरा वर्षं ज्यांना काही दिसलं नव्हतं, त्यांना दाजींचा हात थोडा हलका झाल्याबरोबर सगळं दिसायला लागलं. बाईंनी सगळ्यांचे जबाब लिहून घेतले. दाजींनी निवडणुकीचा अर्ज मागे घेतला, ते मला पेपरातूनच कळलं.

पलीकडच्या गावचे लोक मला शाल द्यायला घरी आले. म्हणाले, बाई, तुमच्यामुळं आमची पोरं वाचली. मी शाल घेतली नाही. कारण बांबू खाली सरकत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्यांची पोरं नव्हती. मी वर बघत होते, पुलाच्या कठड्यावरून वाकलेल्या दाजींच्या तोंडाकडे. अकरा वर्षं मला ते तसं बघायचं होतं. पोटभर बघितलं. एवढं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलेलं नव्हतं.

दाजींचं झालं. राहिलीस तू.

सुमेधला न्यायला आम्ही आलो त्या दिवशी तुझ्या गोठ्याच्या भिंतीला एक बांबू टेकलेला होता. बुडाला ओला चिखल, वरच्या टोकाला तांबडं फडकं. तेव्हा मला काही सुचत नव्हतं. नंतर झुंबरनं सांगितलं. वाळूवाले खड्डा केला की तिथं अशी निशाणी रोवतात, जनावरानं किंवा पोरानं पाय टाकू नये म्हणून. होड्या दुसरीकडे गेल्या तरी निशाणी काढायची नसते. नदीकाठच्या लेकरांना चालायला लागल्यापासून हे माहीत असतं. पण त्या दिवशी तहसीलचं पथक वाळूच्या होड्या पकडायला येणार म्हणून निरोप आला, होड्या वळणापलीकडे पळवल्या, आणि खड्डा कुठं केलाय ते पथकाला कळू नये म्हणून निशाणीही उपटली. कुणी उपटली, ते झुंबरनं लांबून पाहिलं होतं. बाई होती, एवढंच तो म्हणाला. पुढं मी विचारलं नाही. मला नाव नको होतं.

गेल्या मंगळवारी रेश्माचा फोन आला. आधी नुसती रडत होती. मला वाटलं, पोटात दुखतंय.

मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरून काठावर मी हुते."

ते मला माहीत होतं. चौदा वर्षांची पोर.

"दादानं मला इचारलं हुतं. रेशमे, हितं खोल हाय का? मी बघितलं. म्हणलं, निशाणी न्हाय, मंजी खड्डा न्हाय. जा."

अक्का, ती बोलत राहिली. त्या रात्री गोठ्याच्या भिंतीशी तो बांबू बघून तिनं तुला विचारलं, आई, निशाणी तू काढलीस का? तू तिच्या तोंडावर हात ठेवलास. म्हणालीस, पुन्हा हे बोललीस तर तुझ्या बापाला बेड्या पडतील. त्यानंतर ती आजपर्यंत बोलली नाही. दादाला मी मारलं, असं समजून ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, आता तिला आठवा लागलाय. रात्री झोप लागत नाही म्हणते, बाळ हललं की तिला भीती वाटते.

माझा मुलगा तू जाणूनबुजून घेतला नाहीस. निशाणी काढताना सुमेध नदीत उतरेल हे तुझ्या ध्यानीमनी नसेल. नवऱ्यानं सांगितलं, तू केलंस. इथपर्यंत मी स्वतःला कितीदा तरी समजावलं होतं, कारण तू मला खोपीत पोटाशी धरलेलं आहेस. पण तू तुझ्याच लेकरावर ते ढकललंस आणि अकरा वर्षं तिला त्याखाली दबताना बघत राहिलीस. त्याला मी काय नाव देऊ? मला शिकवलेल्या दोन्ही भाषांत शब्द नाही.

रेश्मा तुझ्याकडे येणार नाही. तिनं तसं ठरवलंय, मी सुचवलेलं नाही. तिनं विचारलं, मावशी, बाळंतपणाला तुझ्याकडं येऊ? मी हो म्हणाले. वळसा घालून जावईबापू तिला परवा घेऊन येतायत. इथल्या दवाखान्यात नाव घातलंय. ह्यांनी सुमेधच्या खोलीतला पलंग उन्हात काढून धुतला. त्या खोलीचं दार आम्ही इतक्या वर्षांत झाडण्यापलीकडे उघडलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. अळिवाची खीर, शेकशेगडी, न्हाणं, बाळाला पायावर घेणं, यातलं सगळं तू मला शिकवलंस, सुमेधच्या वेळी. ते सगळं आता मी करीन आणि तू करणार नाहीस. मला याचा आनंद होतो. आनंद होतो हे लिहायला मला लाज वाटत नाही. तू नदीच्या त्या काठावर बसून राहा आणि घरात लेकराचा आवाज नसला की दिवस किती लांब होतो, ते बघ.

मी दार बंद करून घेतलेलं नाही. तुला यायचं असेल तर ये, दाजींना न सांगता, एकटी. माझ्याशी काही बोलू नकोस. माझ्याकडून तुला माफी मिळायची नाही, मागू नकोस. सरळ आतल्या खोलीत जा, रेश्मासमोर उभी राहा आणि तिला सांग की निशाणी तू उपटलीस आणि तिची काही चूक नव्हती. तिनं ऐकलेलं मला दिसलं पाहिजे. मग बाळ मी स्वतः तुझ्या हातात देईन. त्याआधी नाही, तू उंबऱ्याशी कितीही रडलीस तरी नाही.

हे पत्र दाजींनी आधी फोडलं तरी हरकत नाही. त्यांनीही वाचावं.

तुझ्या रेश्माच्या बाळाची आजी,
करुणा